हेलसिंकी ते टोकियो : एका अंतराची गोष्ट



मागच्या वेळी आपण कालमापनावर बोललो. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका बाईंनी विचारलं होतं, "सर, दोन विमानतळांमधलं अंतर तर ठरलेलं असतं. मग त्याच दोन गावांमधला विमानप्रवास कधी नऊ तासांचा आणि कधी तेरा तासांचा कसा होतो?" मी घाईत उत्तर दिलं, "वाऱ्यामुळे." बाईंचं समाधान झालं, माझं झालं नाही. वाऱ्यामुळे तास-दीड तासाचा फरक पडतो. चार तासांचा फरक वारा पाडत नाही, माणसं पाडतात. तेव्हा आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

उदाहरण घेतो हेलसिंकी आणि टोकियो या दोन विमानतळांचं. हेच का, याला एक खाजगी कारण आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी हेलसिंकीत नोकरी करते, तिचा नवरा टोकियोत. २०२२ च्या उन्हाळ्यात तिची ईमेल आली. सोबत एका कागदाचा फोटो होता. विमानात मिळालेलं प्रमाणपत्र, की अमुक प्रवाशाने उत्तर ध्रुवावरून प्रवास केला आहे. खाली तिने लिहिलं होतं, "सर, १९९६ साली तुम्ही वर्गात सांगितलं होतंत की अंतर हा आता फक्त तिकिटाच्या पैशांचा प्रश्न उरला आहे. माझ्या वहीत आहे ते. मी तिकिटाचे पैसे भरले. अंतर मात्र वाढलं. आता काय लिहू?"

खरं सांगतो, दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. कारण ते वाक्य माझंच होतं, आणि नुसतं वर्गात बोललो असं नाही, मी ते मनापासून मानत होतो.

आधी साधा भूगोल बघू. हेलसिंकी आणि टोकियोचा नारिता विमानतळ यांच्यातलं पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. हे 'सरळ' म्हणजे काय, ते भिंतीवरच्या नकाशात दिसणार नाही. घरी नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर त्याच्यावर एक दोरा हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत ताणून धरा. टोकियो हेलसिंकीच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी दोरा आधी ईशान्येला वर चढतो, आर्क्टिक वृत्ताला स्पर्श करून थोडा पलीकडे जातो, आणि मग सैबेरियावरून तिरका खाली उतरत जपानला पोचतो. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर असंच असतं. आता त्या दोऱ्याखाली कोणते देश येतात ते बघा. फिनलंडची सीमा संपली की रशिया सुरू होतो, आणि जपानचा समुद्र येईपर्यंत जवळजवळ सगळा रशियाच. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. हे अंतर किती, हे पृथ्वीने ठरवलं. ते कापायला किती वेळ लागेल, हे बहुतांशी एका शेजाऱ्याच्या हातात राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, आकाश काय कुणाच्या मालकीचं असतं? असतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या पॅरिस करारात हे तत्त्व मान्य झालं आणि १९४४ साली शिकागोच्या करारात पहिल्याच कलमात ते आलं : प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. समुद्रावर जशी सर्वांना मोकळी वाट मिळाली तशी हवेत मिळाली नाही. कारण उघड होतं. त्या वर्षी शिकागोत जमलेल्या प्रत्येकाने विमानातून बॉम्ब पडताना पाहिले होते किंवा त्यांबद्दल रोज वाचलं होतं. मग त्याच परिषदेत एक वेगळा, छोटा करार झाला : न उतरता नुसतं वरून जाण्याची मुभा सदस्य देशांनी एकमेकांना द्यावी. आपल्या शेतातून दुसऱ्याला पाऊलवाट द्यावी, तसं. भारत या करारात आहे. सोव्हिएत संघ त्यात आला नाही, आणि पुढे रशियाही आला नाही. त्यामुळे सैबेरियावरून जायचं तर प्रत्येक वेळी परवानगी मागायची, अटी मान्य करायच्या आणि पैसे मोजायचे.

फिन लोकांना हे आकाश किती महाग पडू शकतं, हे शिकागोच्या आधीच कळलेलं होतं. १४ जून १९४० ला 'कालेवा' नावाचं त्यांचं प्रवासी विमान टालिनहून हेलसिंकीला निघालं. अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर, आपलं ठाणे ते लोणावळा म्हणा. त्या दिवशी त्या दोन देशांत युद्धही चालू नव्हतं. सोव्हिएत विमानांनी ते पाडलं, आतले नऊच्या नऊ जण गेले. ऐंशी किलोमीटरसुद्धा कधीकधी ओलांडता येत नाहीत, ही नोंद मनात ठेवा.

युद्धानंतर युरोपातून जपानला जायचं तर दक्षिणेची लांबलचक वाट होती. कराची, कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग असे मुक्काम करत पंख्याची विमानं जात. स्कॅन्डिनेव्हियातून टोकियोला पोचायला सुमारे पन्नास तास लागत. वाटेत आपला देश यायचा, आणि आपल्या विमानतळांवर त्या काळी परदेशी प्रवाशांची जी वर्दळ असे, त्यात या मंडळींचाही भाग होता.

मग कुणीतरी गोलावर दोरा ताणून बघितला. सरळ वाट बंद आहे ना? मग वरून जाऊ. २४ फेब्रुवारी १९५७ ला एसएएस या कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातल्या अँकरेजला उतरून टोकियोची सेवा सुरू केली. पन्नास तासांचे सुमारे बत्तीस तास झाले. ध्रुवाजवळ उडणं सोपं नव्हतं. तिथे होकायंत्राची सुई भरकटते, कारण चुंबकीय ध्रुव जवळ असतो. सगळे रेखांश एका बिंदूत मिळतात, त्यामुळे 'उत्तर' या शब्दाला अर्थ उरत नाही. खुद्द ध्रुवावर उभं राहिलं की कुठेही पाऊल टाका, तुम्ही दक्षिणेलाच जाता. म्हणून वैमानिकांनी नकाशावर चौकटींची वेगळी जाळी आखली आणि चुंबकाऐवजी भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या यंत्रावर, म्हणजे गायरोस्कोपवर, भरवसा ठेवला. माणसाच्या बुद्धीचं मला इथे खरोखर कौतुक वाटतं. पण हेही लक्षात घ्या, की एवढी सगळी बुद्धी एका 'नाही'ला वळसा घालण्यासाठी खर्च झाली. सैबेरिया खुला असता तर अँकरेजला उतरायची गरज कोणाला पडली असती?

दार अगदी घट्ट बंद होतं असंही नाही. १९७० च्या सुमाराला सोव्हिएत संघाने काही परदेशी कंपन्यांना मॉस्कोत उतरण्याच्या अटीवर सैबेरियावरून जाऊ दिलं. पण ते मोजकं, मोजून-मापून. बाकीच्यांसाठी अँकरेज होतंच.

२२ एप्रिल १९८३ ला फिनएअरने एक पाऊल पुढे टाकलं. डीसी-१० जातीच्या तीन इंजिनांच्या विमानात जादा इंधनाची टाकी बसवली आणि हेलसिंकीहून उत्तर ध्रुवावरून, अलास्काजवळून, कुठेही न थांबता थेट टोकियो गाठलं. पश्चिम युरोपातून जपानला न थांबता जाणारी ती पहिली सेवा. वेळ लागला सुमारे तेरा तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १ सप्टेंबर १९८३ ला, अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान वाट चुकलं. वैमानिकांनी मार्ग दाखवणारी यंत्रणा नीट जोडली गेली नव्हती, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. विमान सरकत सरकत कामचात्कावर आणि मग साखालीनवर गेलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. वाचलं कोणी नाही. वळसा घालून जाण्याची किंमत नुसती तासांत आणि इंधनात मोजून भागत नाही, ते या दिवशी जगाने पाहिलं. या घटनेनंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की त्यांच्या लष्करासाठी तयार होत असलेली जीपीएस यंत्रणा नागरी वापरासाठीही खुली केली जाईल. आज तुमच्या खिशातल्या फोनवर रिक्षावाला कुठल्या गल्लीत आहे ते दिसतं ना, त्याच्या मागे हा एक निर्णयही आहे. दर वेळी रिक्षा बोलावताना ती २६९ माणसं आठवावीत असं मी म्हणत नाही. पण एकदा तरी आठवावीत.

आता मधेच वाऱ्याची गोष्ट सांगतो, कारण त्या बाईंना मी वारा हे उत्तर दिलं होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. साधारण नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड वेगवान झोत वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर तो हिवाळ्यात फार जोरात असतो. पूर्वेला जाणाऱ्याला तो ढकलतो, पश्चिमेला येणाऱ्याला अडवतो. हा वारा पद्धतशीरपणे मोजणाऱ्या पहिल्या लोकांत ओइशी वासाबुरो नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून १९२० च्या दशकात ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. त्यांनी १९२६ साली आपला अहवाल छापला. कोणत्या भाषेत? एस्परांतोमध्ये. (हशा) हसू नका. जगातल्या सर्वांना समजावी म्हणून मुद्दाम तयार केलेली ती भाषा. सगळ्यांना कळावं या सद्हेतूने त्यांनी ती निवडली, आणि झालं असं की बाहेर फारसं कोणी वाचलंच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर आली तेव्हा त्या वाऱ्याने त्यांचे नेम चुकवले आणि वैमानिक चक्रावले. जे एका शांत माणसाने वीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं, ते युद्धात नव्याने शिकावं लागलं. तातेनो ते वॉशिंग्टन हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून काय उपयोग?

तर पुन्हा आपल्या वाटेवर येऊ. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. सैबेरियाचं आकाश हळूहळू उघडलं. रशिया वरून जाण्याचे पैसे घेत होता आणि युरोपीय कंपन्या त्याबद्दल कुरकुरत होत्या, पण विमानं जात होती. हेलसिंकी ते टोकियो साडेनऊ-दहा तासांत. अँकरेजच्या प्रवासी विमानतळावर युरोप-जपान प्रवाशांची जी गर्दी असे ती ओसरली. फिनलंडने तर या दोऱ्यावर आपला धंदाच उभा केला. पश्चिम युरोपातून पूर्व आशियाला जाताना हेलसिंकी अगदी वाटेवर पडतं. पन्नास-पंचावन्न लाखांचा देश, पण त्याचा विमानतळ आशियाचं दार बनला. युरोपच्या कोपऱ्यातलं गाव हमरस्त्यावर आलं. ते गाव जागचं हललं नव्हतं, शेजाऱ्याचं दार उघडलं होतं.

याच वर्षांत मी वर्गात ते वाक्य बोललो. आज मागे वळून बघताना दिसतं, की मी पाच-सहा वर्षांच्या सवलतीला इतिहासाचा नियम समजलो. तत्त्वज्ञानाच्या माणसाने निदान एवढी चूक करू नये. आणि मी तर त्याच वर्गात लाइबनिट्झ शिकवत होतो! न्यूटनच्या मते अवकाश ही एक स्वतंत्र, स्थिर चौकट आहे, वस्तू तिच्यात ठेवलेल्या असतात. लाइबनिट्झ म्हणाला, तशी वेगळी चौकट काही नाही. वस्तू एकमेकींच्या संदर्भात कशा आहेत, ती व्यवस्था म्हणजेच अवकाश. हा वाद १७१५-१६ साली न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात आहे. भौतिकशास्त्रात त्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण विमानाच्या वेळापत्रकापुरतं बोलायचं तर लाइबनिट्झ जिंकला. ७,८०० किलोमीटर ही न्यूटनची संख्या, ती बदलत नाही. दहा तास की तेरा तास, ही संख्या मात्र संबंधांतून येते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केलं. तीन दिवसांनी युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं. दुसऱ्या दिवशी रशियाने ३६ देशांच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यांत फिनलंड होता. मार्चमध्ये फिनएअरने टोकियोची सेवा पुन्हा सुरू केली ती वळशाने. जाताना बहुधा दक्षिणेकडून, म्हणजे काळ्या समुद्राच्या बाजूने, कझाकस्तान, चीन, कोरिया असं. तिथे तो पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. येताना बहुधा प्रशांत महासागर, अलास्का आणि उत्तर ध्रुव. म्हणजे जाऊन-येऊन आख्ख्या रशियाला प्रदक्षिणाच. दोऱ्यावरचे ७,८०० किलोमीटर तिथेच आहेत, आणि विमान बारा-तेरा हजार किलोमीटर उडतं. वेळ सुमारे तेरा तास.

तेरा तास! १९८३ साली लागले होते तेवढेच. मधल्या एकोणचाळीस वर्षांत इंजिनं सुधारली, विमानाच्या अंगात धातूऐवजी कार्बन तंतू आले, संगणक आले, उपग्रह आले. आणि विमानतळावरच्या फलकावर जुनाच आकडा परत आला. एवढी प्रगती एका परवानगीच्या अभावाने खाऊन टाकली.

इथे बसलेल्यांपैकी कुणाला वाटेल, हे युरोपचं दुखणं, आपल्याला काय त्याचं? रशियाचं आकाश आपल्या विमानांना अजून खुलं आहे, हे खरं. पण आपल्या दाराशी काय आहे? फेब्रुवारी ते जुलै २०१९ पाकिस्तानचं आकाश आपल्यासाठी बंद होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा बंद झालं, आणि आपणही त्यांच्या विमानांना आपलं बंद केलं. दिल्लीहून युरोपला निघालेलं विमान नाकासमोर जाण्याऐवजी आधी दक्षिणेला वळतं, अरबी समुद्रावर येतं आणि मग पश्चिमेची वाट धरतं. कोण बरोबर, कोण चूक, यात मी आज शिरत नाही. दारं बंद करण्यामागे कधी सबळ कारणंही असतात. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपने गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, की तिकिटावर छापलेला वेळ वाचताना त्यात किती तास पृथ्वीचे आणि किती तास माणसांचे, हे वेगळं काढून बघायला शिकू या. हेलसिंकी-टोकियोत जवळपास दहा तास पृथ्वीचे आहेत. उरलेले तीन-साडेतीन आपले, माणसांचे.

आपल्या मराठीला हे आधीपासून माहीत आहे. दोन गावांत अंतर असतं, आणि दोन भावांतही अंतर पडतं. शब्द एकच. "मला अंतर देऊ नकोस," असं आपण म्हणतो तेव्हा किलोमीटर कोणाच्याच मनात नसतात. मी आयुष्यभर ही भाषा बोललो आणि वर्गात मात्र अंतराला नुसता पैशांचा प्रश्न म्हणालो.

तर त्या विद्यार्थिनीला मी शेवटी काय लिहिलं? लिहिलं, "वहीतल्या त्या वाक्यावर काट मार. खाली लिही : अंतर कमी होणं ही कुणीतरी दिलेली मुभा असते, आणि दिलेली मुभा काढून घेता येते." तिचं उलट उत्तर आलं, "सर, काट नाही मारली. शेजारी तारीख घातली." माझ्यापेक्षा तिला इतिहास जास्त कळला, असं मला वाटतं. वाक्य खोटं नव्हतं, त्याला तारीख होती, आणि ती मी घालायला विसरलो होतो.

ती अजून वर्षातून दोनदा जाते. तिच्या ड्रॉवरमध्ये आता ध्रुवाची बरीच प्रमाणपत्रं जमली आहेत. ती म्हणते, ज्या दिवशी प्रमाणपत्र मिळणार नाही त्या दिवशी पेढे वाटीन.

तुमच्यापैकी १९९६ च्या वर्गातलं कोणी ऐकत असेल, तर आपापल्या वहीत तारीख घाला. आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या बाई आज आल्या असतील, तर त्यांची क्षमा मागतो. तुमचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता.

आता प्रश्न घेऊ.